पेलेट खाणारी हार्लेक्विन जोडी म्हणून १७,५५० रुपये गेले

हार्लेक्विन श्रिम्प, म्हणजे शोभेची छोटी समुद्री कोळंबी, तारामाशाशिवाय काही खात नाही. मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक ठेवणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, मलाही होतं. तरी ‘आमची जोडी पेलेटवर लावलेली आहे’, म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या खाते, या एका वाक्यावर मी पैसे पाठवले. सांगताना लाज वाटते. पण तोच माणूस नाव आणि नंबर बदलून पुण्यातल्या मरीनवाल्यांना अजून मेसेज करतोय, म्हणून लिहितोय.

हिशेब असा: जोडीचे ९,५००. ‘पेलेट सुटलंच तर हाताशी असावा’ म्हणून दरमहा एक जिवंत चॉकलेट चिप तारामासा, १,२०० प्रमाणे सहा महिन्यांचे ७,२०० आगाऊ. थर्माकोलची पेटी आणि गाडीभाडं ८५०. सगळे यूपीआयने, एकाच दुपारी. पेलेट खाते तर हा सोबत तारामासे कशाला विकतोय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एकही तारामासा आला नाही.

खरी चीड त्या व्हिडिओची येते. चौदा सेकंदांचा. वाळूवर तीन तपकिरी पेलेट, त्यांच्यावर श्रिम्प उभी, पुढच्या पसरट नांग्या खालीवर होतायत. पैसे देण्याआधी मी तो चार वेळा पाहिला. पाचव्यांदा पाहिला तो सगळं झाल्यावर, आणि तेव्हा दिसलं. पेलेट जागच्या जागी, पाणी पिऊन फुगलेले. डाव्या कोपऱ्यात, श्रिम्पच्या पोटाखालून, एक फिकट केशरी टोक बाहेर आलेलं आणि त्यावर बारीक पांढऱ्या पायांची ओळ. तारामाशाचा हात, उलटा करून धरलेला, जसा ही श्रिम्प नेहमी धरते. चार वेळा तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

माझी बाजू एवढीच: मँडरिनसारखा हट्टी मासासुद्धा चिकाटीने गोठवलेल्या खाण्यावर लागतो, मग हीही लागली असेल असं वाटलं. लागत नाही. कुणी ‘ट्रेन केलेली’ हार्लेक्विन विकत असेल तर तिथेच फोन ठेवा.

पेटी ट्रॅव्हल्सच्या गाडीने स्वारगेटला आली, एप्रिलच्या भर उन्हात. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) १.०२०, टँक १.०२५. अशा वेळी सलाईनच्या नळीने टँकचं पाणी पिशवीतल्या पाण्यात थेंब थेंब सोडत दीड-दोन तास तरी घ्यावेच लागतात, ते घेतले. आणि ‘जोडी’ म्हणजे दोन्ही नर! मादी अंगाने मोठी असते आणि तिच्या पोटाच्या बाजूच्या पाळ्यांवर निळे ठिपके असतात, नराला ते नसतात. पोटाच्या बाजूने काढलेला फोटो मागितल्याशिवाय जोडीचे पैसे देऊ नका. ४० लिटरच्या टँकमध्ये दोन नर एकमेकांना सोडत नाहीत. तिसऱ्या दिवशी एकाचा पाय गेला.

सहाव्या दिवशी वाळूवर एक आडवी दिसली. फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ती कात आहे साहेब, श्रिम्प दगडामागे असणार, चार दिवस हात घालू नका.’ गॅरंटी सात दिवसांची होती. टाकलेली कात पोकळ, पारदर्शक असते, पाठीवर फाटलेली. मेलेली श्रिम्प दुधाळ-गुलाबी पडते आणि वास मारते. चिमट्याने उचलून पाहायला दहा सेकंद लागले असते. मी चार दिवस थांबलो. एक लक्षात घ्या: उपाशी हार्लेक्विन लगेच मरत नाही, काही आठवडे काढते. म्हणून असल्या विक्रेत्याला सात दिवसांची गॅरंटी परवडते. माझी तर तिकडूनच उपाशी आली असणार.

दहाव्या दिवशी नंबर ब्लॉक. मग पोलीस ठाणं. ‘कोळंबी मेली म्हणून तक्रार?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘बाजारात काय भावाने मिळते?’ अर्ज घेतला नाही, सायबरकडे जा म्हणाले. तिथून सांगितलं, रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यात द्या. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. चार खेपा झाल्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याने नोंदवून घ्यायचा असतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. दाखवलं, तर ‘आम्हाला कायदा शिकवू नका’. बँकेने हात वर केले: पिन तुम्हीच टाकलात. १७,५५० ही रक्कम कुणाच्याच लेखी मोठी नाही, म्हणूनच तो माणूस अशाच रकमा घेतो, हे कुणाला सुचत नाही का? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरातच फोन करा, मी अकराव्या दिवशी केला, तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. पत्ता आणि बिल पैशांच्या आधी घ्या.

उरलेल्या एकीला आता चॉकलेट चिपवर ठेवलंय. तारामासा वेगळ्या टबात, शिंपल्याच्या तुकड्यांवर. धारदार ब्लेडने एका वेळी एकच हात कापायचा, जखम भरल्याशिवाय दुसरा नाही. एका श्रिम्पला तो साधारण आठ-दहा दिवस पुरतो. मऊ पडू लागला की उरलेला लगेच काढा. अख्खा तारामासा छोट्या टँकमध्ये सोडलात आणि तो मेला, तर अमोनिया सगळं घेऊन जातो. तांबं असलेलं औषध या टँकजवळही नको. उन्हाळ्यात पाणी उडतं तेव्हा भर गोड्या आरओ पाण्याची घाला, खाऱ्याची नाही.

तारामाशाची सोय झाल्याशिवाय हार्लेक्विन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

परवा एका ओळखीच्याला नव्या नावाने तोच व्हिडिओ आला. आता तो नऊ सेकंदांचा आहे. डावा कोपरा कापलाय.