बायोबँकेतलं सीरम की नव्या रुग्णांचं रक्त?

अन्नाच्या ॲलर्जीवर काम सुरू करताना दोन्हींपैकी काय निवडावं, असा पेच एका संशोधक मैत्रिणीपुढे आहे. बायोबँक म्हणजे संशोधनासाठी साठवलेल्या नमुन्यांचा संग्रह; सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव.

खर्च आणि वेळ पाहता बायोबँक उजवी. टिकाऊपणाचीही फारशी चिंता नाही: उणे ८० अंशांवर आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) वर्षानुवर्षं टिकतं, फक्त तोच नमुना पुन्हापुन्हा वितळवू नये.

खरी अडचण माहितीची. आयजीई सापडलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही; शेंगदाण्याविरुद्ध आयजीई असूनही अनेकजण तो निर्धास्त खातात. सोबत लक्षणांची किंवा फूड चॅलेंजची (देखरेखीखाली तो पदार्थ खायला देऊन केलेल्या चाचणीची) नोंद नसेल, तर ॲलर्जीचा रुग्ण म्हणून तो नमुना मी घेणारच नाही. शिवाय सीरममध्ये पेशी नसतात. बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची प्रतिक्रिया तपासणाऱ्या चाचणीला ताजं रक्तच लागतं. रुग्णाची संमती मात्र दोन्हीकडे हवी.

एखाद्या प्रथिनाला आयजीई चिकटतं का, एवढंच पाहायचं असेल तर बायोबँक पुरेशी. खाल्ल्यावर कोणाला त्रास होतो हे ठरवायचं असेल, तर नवे रुग्णच घ्यावेत.