रेस्टिक बॅकअप : आठ महिने रोज वापरल्यावर, वेग नेमका कुठे अडतो

विंडोजच्या घरच्या पीसीवर रेस्टिक हा कमांडने चालणारा बॅकअप प्रोग्रॅम, समोर यूएसबी हार्ड डिस्क. पहिला बॅकअप लांबणारच, कारण सगळा डेटा वाचायचा, त्याचे सरासरी १ एमबीचे तुकडे पाडायचे, ते कॉम्प्रेस आणि एन्क्रिप्ट करून लिहायचे. त्यावरून प्रोग्रॅमला नावं ठेवू नयेत. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून.

दुसरा बॅकअपही तासन्‌तास चालत असेल, तर सुरुवातीच्या ओळी वाचा. तिथे पॅरेंट स्नॅपशॉटचा, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या आधीच्या बॅकअपचा, उल्लेख हवा. तो सापडला नाही, तर रेस्टिक प्रत्येक फाइल नव्याने वाचतो. पॅरेंट शोधताना संगणकाचं नाव आणि फोल्डरांची यादी जुळवली जाते. आज 'डॉक्युमेंट्स' आणि 'फोटो', उद्या नुसतं 'फोटो' असं केलंत की जुळणी तुटली. ओळखायची खूण सोपी: वेळ भरपूर गेला, पण शेवटी 'नवीन डेटा' म्हणून जेमतेम काही एमबी दिसतात. यादी एकदा ठरवा आणि बॅच फाइलमध्ये कायमची लिहून टाका.

यादी बरोबर असूनही वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे आउटलुकची पीएसटी (सगळे ईमेल साठवणारी एकच मोठी फाइल) आणि व्हर्च्युअल मशीनची डिस्क. आत एक ईमेल वाढला तरी अख्खी फाइल पुन्हा वाचावी लागते. जातात फक्त बदललेले तुकडे, वाचन मात्र पूर्ण. ६० जीबीची फाइल १२० एमबी प्रतिसेकंद वेगाने वाचायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. अशा फाइलींचा आठवड्यातून एकदा वेगळा बॅकअप घेतलेला बरा. आउटलुक चालू असताना पीएसटी लॉक असते, म्हणून ॲडमिन हक्कांनी 'यूज-एफएस-स्नॅपशॉट' हा पर्याय लावा, मग रेस्टिक डिस्कच्या त्या क्षणीच्या गोठवलेल्या प्रतीतून वाचतो.

मग केबल तपासा. हसू नका! यूएसबी २ वर प्रत्यक्षात ३५ एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ५०० जीबीला चार तास. यूएसबी ३ ची डिस्कसुद्धा जुनी केबल किंवा हबमुळे २ वर उतरते. डिस्क एसएमआर प्रकारची (एकमेकांवर थोडे चढलेले ट्रॅक असणारी) असेल तर सुरुवातीला वेग झकास, आणि बराच वेळ सलग लिहिल्यावर एकदम बसतो. त्यावर सेटिंगचा इलाज नाही.

सेटिंगांत हात घालण्याजोगं थोडंच आहे. 'रीड-कन्करन्सी', म्हणजे एका वेळी किती फाइली वाचायच्या, मुळात २ असते. एसएसडीवरून वाचत असाल तर ४ किंवा ८ करा, बारीक फाइलींच्या ढिगाऱ्यावर फरक दिसतो. फिरत्या डिस्कवर वाढवू नका, हेड इकडून तिकडे पळत राहतं. कॉम्प्रेशन 'ऑटो'वरच असू द्या. 'मॅक्स'ने प्रोसेसर तापतो आणि जेपीईजी-व्हिडिओ काही लहान होत नाहीत. क्लाउडवर पाठवत असाल तर 'पॅक-साइझ' (तुकडे एकत्र बांधून ठेवणाऱ्या 'पॅक' फाइलीचा आकार) १६ एमबीवरून ६४ केल्याने तिथल्या फाइलींची संख्या घटते. पण २० एमबीपीएसच्या (सेकंदाला २० मेगाबिट) अपलोडवर १०० जीबीला अकरा तास लागणारच, ते गणित कुठल्याही पर्यायाने बदलत नाही.

हाताने चालवला की झरझर आणि टास्क शेड्युलरमधून रडतखडत, ही तक्रार नेहमीची. शेड्युलर प्रत्येक कामाला प्रायॉरिटी ७ देतो, त्यात प्रोसेसरबरोबर डिस्कचा अग्रक्रमही खाली जातो. शेड्युलरच्या खिडकीत हे बदलायची सोय नाही. टास्क एक्सएमएल म्हणून एक्स्पोर्ट करा, ७ च्या जागी ४ लिहा, जुना टास्क काढून हा इम्पोर्ट करा. लॅपटॉप असेल तर 'फक्त वीजजोडणी असताना' ही खूणही पाहा; ती आधीपासून लावलेली असते, त्यामुळे बॅटरीवर बॅकअप गुपचूप राहून जातो.

विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडरही प्रत्येक फाइल उघडताना तपासतो. रेस्टिकची प्रोसेस अपवादात टाकल्यास वेग वाढतो, मात्र फक्त अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या प्रतीसाठीच हे करा.

खटकतं ते 'प्रून', म्हणजे नको असलेला डेटा काढून टाकणारी कमांड. 'फर्गेट'ने स्नॅपशॉट यादीतून जातो, जागा सुटते ती प्रूननंतरच, आणि प्रून चालू असेपर्यंत रिपॉझिटरीला (बॅकअपच्या साठ्याला) कुलूप. रोज चालवायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे. 'मॅक्स-अनयूज्ड' (किती निरुपयोगी डेटा तसाच राहू द्यायचा) ५ टक्क्यांवरून १५ केलं की पॅक पुन्हा लिहिण्याचं काम बरंच कमी होतं. बदल्यात थोडी जागा अडते.

रेस्टिकला स्वतःची खिडकी नाही, सगळं कमांडवर. पासवर्ड हरवला तर डेटा गेलाच. तपासणीसाठी 'चेक'ला 'रीड-डेटा-सबसेट' १/१२ द्या आणि दर महिन्याला पुढचा हिस्सा, २/१२, ३/१२ असा. पूर्ण डिस्क एका दमात वाचावी लागत नाही.