किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा: सात महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (वडापाव, फ्राईज आणि तेलासकट)

आधीच सांगते, हा काटा मी केक करायला घेतलेला नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळ बेकिंगचं सामान विकणारी दुकानं आहेत ना, तिथल्या एकातून ४५० रुपयांना आणला. पांढरा, प्लॅस्टिकचा, ५ किलोपर्यंत मोजतो, एक ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो.

घेतला कारण आमच्या डॉक्टर मॅडम. मी भांडुपला राहते, ऑफिस लोअर परळला, म्हणजे स्लो लोकलने करी रोडला उतरायचं आणि चालत जायचं. ऑफिस पुन्हा रोजचं सुरू झाल्यापासून अडीच वर्षांत ९ किलो वाढले. उंची १५८ सेंमी, वजन ७१, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा) २८.४, आणि आपल्या भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात हे मला तेव्हाच कळलं, तोपर्यंत मी २५ पर्यंत सगळं ठीक असतं असं समजून होते. कंबर ९१ सेंमी भरली, बायकांसाठी ८० च्या आत हवी. मॅडम म्हणाल्या आठवडाभर काय आणि किती खाता ते लिहून आणा. मी लिहून नेलं, "एक वाटी भात, थोडं फरसाण, एक वडापाव, थोडे फ्राईज". त्या म्हणाल्या, वाटी केवढी? थोडं म्हणजे किती? मला सांगता येईना. त्याच शनिवारी काटा आणला.

काटा खरा आहे का ते आधी तपासलं. मेजरिंग कपने २०० मिली पाणी घातलं, २०० दाखवलं, छान. मग अर्धा लिटर दुधाची पिशवी ठेवली तर ५१८, मला वाटलं बिघडलेला माल दिला, पण दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, अर्धा लिटर साधारण ५१५ ग्रॅम भरतं आणि वर पिशवीचं वजन, म्हणजे काटा बरोबरच होता. टेअर नावाचं बटण आहे, रिकामी ताटली ठेवून ते दाबलं की शून्य होतं आणि मग फक्त पदार्थाचं वजन दिसतं. हे बटण नसलेला काटा घेऊच नका, स्वस्तात मिळाला तरी.

आता मुद्द्याचं. माझा संशय पहिल्या दिवसापासून स्टेशनबाहेरच्या वडापाववर होता, घरी पण सगळे तेच म्हणायचे. एक दिवस पार्सल आणून वजन केलं, वडा ७८ ग्रॅम, पाव ४१, चटणी वगैरे धरून १३० च्या आसपास. एका वडापावच्या साधारण ३०० कॅलरी धरतात. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला संध्याकाळी ३०० कॅलरी म्हणजे काही गुन्हा नाही हो. पण मी खरं लिहायचं ठरवलं होतं म्हणून लिहिते की मी एकावर थांबत नव्हते, आठवड्यातून तीन-चार दिवस दोन खायचे, वर गाडीवाले दादा प्रेमाने कागदात बेसनाचा चुरा घालून द्यायचे तो पण संपवायचा, आणि घरी आल्यावर जेवण पूर्ण, कारण "आज बाहेरच खाल्लंय" असं म्हणायला मला संकोच वाटायचा. तो चुरा एकदा मोजला, ३२ ग्रॅम. मुठीत मावतो, पण तो म्हणजे तेल प्यालेलं बेसन. (आणि दादांना मी स्टीलचा डबा देते आता, छापील वर्तमानपत्रात गरम तळलेलं घेऊ नये, शाई अन्नात उतरते, एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पण हे सांगितलंय.)

मग घरी वडे केले तेव्हा एक प्रयोग केला जो मला सगळ्यात उपयोगी वाटला, प्रत्येकाने एकदा करून बघा. तळायच्या आधी कढईत ओतायचं तेल मोजलं, ५१२ ग्रॅम. बारा वडे तळले, तेल पूर्ण गार झाल्यावर परत मोजलं, ४३१. म्हणजे ८१ ग्रॅम गेलं, एका वड्यामागे जवळजवळ ७ ग्रॅम, आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी म्हणजे साठ-पासष्ट. पुढच्या वेळी घाईत तेल नीट तापायच्या आधीच वडे सोडले तर त्याच बारा वड्यांना शंभरच्या वर गेलं.

तेलाने माझे डोळे उघडले असं म्हणेन. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. आम्ही चौघं. २७ गुणिले ४ गुणिले ३० म्हणजे ३२४० ग्रॅम. तेलाच्या १ लिटरच्या पिशवीवर बघा, ९१० ग्रॅम छापलेलं असतं, म्हणजे महिन्याला साडेतीन लिटर. आमच्याकडे ५ लिटरचा कॅन यायचा आणि महिनाअखेरीला अजून एक पिशवी, आणि बाहेरचं खाणं त्यात धरलेलंच नाही. म्हणजे मी दोन वर्षं त्या वडापावच्या गाडीला दोष देत होते आणि माझ्या फोडणीकडे बघितलंच नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तर माझे ९ किलो अडीच वर्षांवर पसरले की दिवसाला ७५-८० कॅलरीच जास्तीच्या येतात. शरीर इतकं सरळ गणित करत नाही हे मला माहितीये, तरी पण एक मोठा चमचा तेलच १२५ कॅलरीचं असतं ना, म्हणजे रोज तेवढं जास्तीचं तेलसुद्धा पुरलं असतं.

आता मुलाचं. तेरा वर्षांचा आहे, दर शुक्रवारी बर्गर लागतो. मोठ्या साखळीवाल्या दुकानांत, म्हणजे ज्यांच्या १० किंवा जास्त शाखा आहेत, तिथे १ जुलै २०२२ पासून मेन्यूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे, तर तिथे काटा नको, बोर्ड वाचा, अ‍ॅपवर पण दिसतं. आमच्या जवळचं दुकान एकटंदुकटं आहे, तिथे काही लिहिलेलं नसतं, म्हणून घरी मागवून मोजलं. मीडियम फ्राईज १०४ ग्रॅम, लार्ज १४८. "फक्त ३० रुपये जास्त" म्हणून आम्ही कायम लार्जच घ्यायचो, आणि फ्राईजच्या १०० ग्रॅमला ३०० च्या वर कॅलरी धरतात, म्हणजे ते ३० रुपये देऊन मी पोराला वरच्या १३० कॅलरी विकत घेऊन देत होते, ज्या त्याने मागितल्याही नव्हत्या.

कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीवर साखर वाचली आणि तेवढी वाटीत मोजून ठेवली, ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. मी काही बोलले नाही, वाटी तशीच ओट्यावर राहू दिली. त्याने विचारलं ही कशाला, मी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी बर्गर आला, मीडियम फ्राईज दोघांत एक, कोल्ड्रिंकऐवजी घरचं ताक. बर्गर बंद नाही केला आणि करणार पण नाही, माझ्या माहेरी सगळं बंद होतं आणि मी कॉलेजला गेल्यावर पॉकेटमनी सगळा खाण्यात घालवायचे, ते मला त्याच्या बाबतीत नकोय.

काट्याच्या तक्रारी पण सांगते. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, कणीक मोजता मोजता बंद झाला की परत पहिल्यापासून. हळूहळू चिमूटभर घालत गेलं तर दोन-तीन ग्रॅम पकडतच नाही, मीठ-मसाल्याला बेकार. सेलचं झाकण सैल आहे, मी रबर बँड लावलाय. आणि ओला हात लागला की आकडे नाचतात.

एक मनापासून सांगते, पहिले तीन आठवडेच सगळं मोजा. त्यानंतर नजर बसते, मला आता ३० ग्रॅम फरसाण बघून कळतं. मी दुसऱ्या महिन्यात पोळ्यासुद्धा मोजायला लागले होते, सासूबाईंनी केलेल्या पोळ्या त्यांच्यासमोर, त्यांना वाईट वाटलं आणि ते बरोबरच होतं, मी त्यांची माफी मागितली. ज्यांना खाण्यावरून आधीच टेन्शन येतं, वजनाच्या धास्तीने जेवण टाळतात, विशेषतः कॉलेजच्या मुली, त्यांच्या हातात हे देऊ नका, त्यांना डॉक्टरांकडे न्या.

सात महिन्यांत ७१ चे ६६ झाले. तेल आता महिन्याला पावणेचार लिटरवर आलंय. वडापाव बुधवारी आणि शनिवारी, एकच, गाडीजवळ उभं राहून गरम गरम, आणि घरी त्या दिवशी फक्त आमटी-भात.

पाचपैकी चार स्टार, एक त्या झाकणाचा कापला. घ्यायला गेलात तर बरोबर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली न्या, दुकानातच भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही ठेवून बघा, ५०० चा फरक आला तरच पैसे द्या. शेजारच्या ताईंनी तसं न करता आणला आणि तो ४० ग्रॅम जास्त दाखवतो, आता दुकानदार परत घेत नाही.