हरिकेनसाठी खिडक्या: प्लायवूड की शटर?

अटलांटिकमधला हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. घराच्या तयारीत मी खिडक्या सगळ्यात आधी धरतो. काच फुटली की वारा आत घुसून छताला खालून वर रेटतो, बाहेरचा वारा ते वर ओढतच असतो. मग छप्पर उडायला वेळ लागत नाही.

प्लायवूड स्वस्त पडतं. पण ते निदान ५/८ इंच जाडीचं हवं आणि नुसत्या खिळ्यांवर टिकत नाही, भिंतीत पक्के रुतणारे स्क्रू किंवा बोल्ट लागतात. खरी पंचाईत आयत्या वेळी होते: वादळाची बातमी आली की दुकानातलं प्लायवूड संपतं, आणि असले जड तक्ते शिडीवर चढून एकट्याने लावणं म्हणजे हातपाय मोडून घेण्याचं आमंत्रण. तुकडे मे महिन्यातच कापून, भोकं पाडून, कोणता कुठल्या खिडकीचा ते लिहून ठेवलं तरच या पर्यायात अर्थ आहे.

घडीच्या धातूच्या शटरला सुरुवातीला चांगलाच खर्च येतो, मात्र एक माणूस काही मिनिटांत ते ओढून बंद करतो. खाऱ्या हवेत त्याचे रूळ अडकतात, म्हणून मोसमाआधी साफ करावेत. घरात वयस्कर माणसं असतील तर मी शटरच घेईन.

काचेवर चिकटपट्टीची फुली? तिचा काडीचाही उपयोग नाही.