पिल्लाचं फूड संपल्यावर पुढं काय? घरचं शिजवलेलं की कोरडं फूड, दोन्ही करून बघितल्यावरचं माझं मत

आमच्याकडं तांबू आहे, गावठी, तांबूस रंगाचा, सव्वादोन वर्षांचा, वजन १५ किलो, नसबंदी झालेली. वर्षाचा होईपर्यंत त्याला पिल्लांचं फूड चालू होतं, मग गेल्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत पूर्ण नऊ महिने घरचं शिजवून घातलं, आणि यंदा गड्ड्याच्या (सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी कोरड्या फूडवर आणला तो आजपर्यंत त्यावरच आहे. म्हणजे दोन्ही पद्धतींनी आमच्या घरी एकेक सोलापूरचा उन्हाळा काढलाय. सकाळी कंबर तलावाकडं फिरायला गेलं की कुत्रेवाले तीन-चार जण हेच विचारायलेत, तुम्ही काय घालता, कुठलं हेल्दी, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, माझा एकच कुत्रा आहे, तेवढं धरून वाचा.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. वर्ष झालं की पिल्लाचं फूड चालू ठेवायची गरज नसते (लॅब, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींना दीड वर्षापर्यंत, फारच मोठ्या असतील तर दोन वर्षांपर्यंत चालू ठेवतात). अमेरिकेतल्या आफ्को या जनावरांच्या खाद्याची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाप्रमाणं वाढत्या पिल्लाच्या फूडमध्ये कोरड्या वजनावर कमीतकमी २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट लागतं, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला १८ आणि ५.५ पुरतं. ही किमान मापं आहेत, त्याहून जास्त असलं तर बिघडत नाही, पण पिल्लाचं जड फूड तेवढ्याच वाट्या घालत राहिलं तर नसबंदी झालेला कुत्रा बघता बघता गोल होतो. बरगड्यांवरून हात फिरवा, आपल्या हाताच्या पंजाची मागची बाजू जशी लागते तशा बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. मी वजनकाट्यापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवतो.

आता घरचं. मनापासून सांगतो, सुरू केलं तेव्हा मला हेच सगळ्यात चांगलं वाटत होतं. ताजं चिकन डोळ्यासमोर कापून आणलेलं, त्यात काय आहे ते आपल्याला माहीत, कसलाही रंग नाही की वास नाही. रोज पाव किलो चिकन, भात किंवा ज्वारीची भाकरी, लाल भोपळा, चमचाभर तेल, एक दिवसाआड अंडं, आठवड्यातून एकदा थोडी कलेजी. मीठ-मसाला काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याच्या रक्ताला घातक असतं. आणि शिजवलेलं हाडूक पण नाही, त्याच्या काड्या होऊन आत टोचतात.

आई म्हणाली दूधभाकरी घाल, गावाकडं सगळी कुत्री त्यावरच जगली. तिचं चूक नाही, पण रानातला कुत्रा दिवसभर पळतो आणि भाकरीशिवाय काय काय खातो ते आपण बघत नसतो, आपला फ्लॅटमधला कुत्रा आपण घालू तेवढंच खातो. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, तांबूला दोन दिवसांत जुलाब झाले. भाकरीचं मात्र उलटं आहे. धान्य कुत्र्याला चालतच नाही असं जे हल्ली सगळीकडं ऐकायला मिळतं ते मला पटत नाही. २०१३ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात संशोधन आलं होतं, लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त सापडल्या, म्हणजे माणसाजवळ राहून ही जात धान्य पचवायला शिकली. आणि आपण मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यातली माणसं, भाकरी कुत्र्याला वाईट असं म्हणायला मन पण होत नाही.

तर घरच्या जेवणाचं खरं दुखणं कुठं आहे? नुसतं चिकन-भात हे पूर्ण अन्न नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं, आणि हे वरून वर्षभर दिसत पण नाही. म्हणून अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, एकदम पिठासारखं दळून घालावं लागतं, पाव किलो चिकनला साधारण पाव चमचा. पण तेवढ्यानं भागत नाही, झिंक, कॉपर, आयोडीन, व्हिटॅमिन डी, ई हे सगळं राहतंच, त्यासाठी डॉक्टरांनी मिनरल पावडर लिहून दिली. मी सगळं मापून घालत होतो, रोज, अगदी काट्यावर. कागदावर माझं जेवण कुठल्याही फूडच्या तोडीचं होतं.

आणि इथंच ती गोष्ट आली जिच्यामुळं मी बदललो. तांबू निवडून खायचा. चिकनचे तुकडे एकेक उचलून, भात चाटून बाजूला सारून, भाकरीचा कुस्करा भांड्याच्या कडेला लावून ठेवायचा. भोपळा तर तोंडात घेऊन परत खाली ठेवायचा. पहिले काही दिवस मला त्याचं कौतुकच वाटलं, हुशार आहे म्हणून. मग एक दिवस भांडं घासायला घेतलं आणि तळाला बघितलं, करड्या रंगाचा लगदा, बोटानं चोळला तर खरखरीत. टरफलाची आणि मिनरलची पावडर. ती सगळी भाताला चिकटून खाली राहत होती. म्हणजे मी इतके दिवस काट्यावर मोजून घातलेलं भांड्यातच राहत होतं आणि त्याच्या पोटात जात होतं नुसतं मांस. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण मी तर निर्धास्त होतो.

मग उपाय केले. चिकन बारीक खिमा करून भातात कालवलं, तर खिमा चाटून भात तसाच ठेवला. मिक्सरमधून सगळं एकजीव करून बघितलं, ते खायचा, पण मग रोज मिक्सर, आणि आमच्याकडं ज्या भांड्यात शेंगाचटणी होते त्यात चिकन जाणं शक्यच नाही, म्हणून वेगळं भांडं घेतलं, ते रोज तेलकट व्हायचं आणि धुवायला गरम पाणी लागायचं. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात एका कुत्र्याच्या जेवणामागं कुकर, पातेलं, मिक्सरचं भांडं आणि त्याचं ताट, दिवसातून दोनदा. घरातली बाकीची माणसं काही बोलत नव्हती पण मलाच जड जायला लागलं. शिवाय उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीला त्यानं अर्धवट ठेवलेलं ताट तासाभरात आंबूस वास मारायचं, आणि लाल मुंग्यांची रांग दारापासून ताटापर्यंत लागलेली. टाकून द्यायचं म्हटलं तर जीव तुटायचा, ठेवलं तर दुपारी तोच येऊन ते खायचा आणि रात्री पोट बिघडायचं. श्रावणात घरात चिकन बंद, तेव्हा महिनाभर अंडी आणि पनीरवर काढलं, ती वेगळीच ओढाताण.

कोरड्या फूडचं मला पटलं ते एवढ्याच एका कारणानं, त्यात निवडायला काही नाही. प्रत्येक दाणा सारखा. जे पिशवीत आहे तेच पोटात जातं. अर्ध खाऊन सोडलं तरी त्यानं जे खाल्लं त्याचा समतोल बिघडत नाही. दिसायला रुक्ष आहे, मान्य, रोज तेच तेच तपकिरी दाणे बघून आपल्याला त्याची दया येते, पण तांबूला त्याचं काही वाटतंय असं मला सात महिन्यांत दिसलं नाही.

फरक काय पडला? मोजमाप काही नाही माझ्याकडं, डोळ्यांना दिसलं ते सांगतो. शी दोनदा आणि घट्ट, कागदानं उचलली की जागेवर डाग राहत नाही, पूर्वी तीन-चारदा आणि एखाद्या दिवशी पातळ. केस घरच्या जेवणावर पण चांगलेच होते, तिथं मला फरक वाटला नाही, कदाचित थोडी जास्त चमक तेव्हाच होती. उत्साह तेवढाच. आईनं त्याच्यापुढं ताट घेऊन बसणं, त्याची मनधरणी करणं, हे मात्र पूर्ण थांबलं.

फूडच्या पण कटकटी आहेत, त्या लपवत नाही. स्वस्तात पडतं म्हणून मार्चमध्ये १० किलोची पिशवी आणली होती, तिसऱ्या आठवड्यात उघडली की जुन्या तळणीच्या तेलासारखा वास यायला लागला आणि तांबू हुंगून लांब जाऊन बसला. फूडला वरून फॅट लावलेलं असतं, ते आपल्या उन्हाळ्यात लवकर खवट होतं. तेव्हापासून ३ किलोचीच आणतो, आम्हाला तेरा दिवस जाते. पिशवीतून डब्यात ओतत नाही, पिशवीच तोंड दुमडून स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि डबा गच्चीच्या खोलीत नाही, आतल्या खोलीत. दुसरं म्हणजे पाणी. घरच्या जेवणात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, कोरड्या फूडमध्ये दहाएक टक्के, म्हणून मी दहा मिनिटं आधी कोमट पाणी घालून ठेवतो, त्यानं वास पण सुटतो आणि कुत्रा आवडीनं खातो. ग्रेव्हीची पाकिटं मी फक्त औषधाची गोळी द्यायला वापरतो.

पैशाचं म्हणाल तर मला वाटलं होतं तेवढा फरक निघाला नाही. मी घेतो ते फूड किलोला साडेतीनशेच्या आसपास पडतं. १५ किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात, माझ्या फूडच्या १०० ग्रॅममध्ये ३६० आहेत, म्हणजे २३५ ग्रॅम, ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. चिकन, अंडं, तांदूळ, पावडर, गॅस धरलं तर घरचं पण तिथंच जात होतं. याच्या निम्म्या भावात पण फूड मिळतं, ते दीड महिना घालून बघितलं, पहिलंच नाव मका नाहीतर गहू, आणि शी एवढी मोठी की खाल्लेलं सगळंच बाहेर येतंय असं वाटायचं. पिशवीच्या मागं पहिलं नाव मांसाचं असावं आणि हे संपूर्ण आहार आहे, नुसता खाऊ नाही, असं लिहिलेलं असावं, एवढं मी बघतो. ग्रेन फ्री लिहिलेल्या महागड्या पिशवीच्या मागं मी लागत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं) जुलै २०१८ मध्ये वाटाणा, मसूर, बटाटा जास्त असलेल्या अशा फूडचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती, पक्कं काही सिद्ध झालं नाही, पण धान्य पचणाऱ्या कुत्र्याला धान्य टाळायला जास्त पैसे कशाला द्यायचे असं मला वाटतं.

घरचं कुणी घालावं? ज्यांच्या घरी दिवसभर माणूस आहे, कुत्रा ताट स्वच्छ करून उठतो, आणि डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिलंय, त्यांनी खुशाल घालावं, मी त्यांना बदला म्हणणार नाही. किडनीचा किंवा कातडीचा त्रास असेल, चिकनची ॲलर्जी निघाली असेल, तर कदाचित तेच बरोबर ठरेल. फक्त एक करा, आठवडाभर रोज जेवण झाल्यावर भांड्याच्या तळाला बोट फिरवून बघा. नोकरी करून, दुसऱ्या मजल्यावर राहून, पाणी भरून ठेवून कुत्रा सांभाळणार असाल तर मला तरी कोरडं फूडच बरं वाटतंय.

बदलताना घाई करू नका, मी दहा दिवस घेतले. पहिले तीन दिवस पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण, आणि पोट जरा ढिलं वाटलं तिथं एक दिवस थांबलो. पाचव्या दिवशी त्यानं फूड तसंच ठेवलं होतं, मी पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचललं आणि मध्ये काही दिलं नाही, संध्याकाळी खाल्लं. त्या वेळी घरातल्या कुणी बिस्कीट दिलं तर सगळं परत पहिल्यापासून, म्हणून आधी घरच्यांना सांगून ठेवा. आई आता संध्याकाळी एक कडक भाकरीचा तुकडा त्याला देते, तळहाताएवढा, तेवढा मीच मोकळा ठेवलाय, आणि त्याच्यासाठी रात्रीच्या फूडमधून १५ ग्रॅम कमी करतो.