झांगीफसोबत चौदा महिने: स्ट्रीट फायटर ६ खेळून काय वाटलं

२ जून २०२३ ला स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा व्हिडिओ गेम आला तेव्हा किंमत बघून मी गप्प बसलो होतो. पुढे सेल लागला तेव्हा घेतला, त्याला आता चौदा महिने होतील. खात्यावर सहाशेच्या वर तास दिसतात. घरी चारशे सांगितलेत.

आमच्या वयाच्या लोकांना हा खेळ व्हिडिओ पार्लरमधला आठवतो. रुपयाचं नाणं टाकायचं, जी बटणं हाताला लागतील ती बडवायची आणि मागे उभ्या असलेल्या दांडगट पोरानं हाकललं की घरी जायचं. त्या आठवणीवर भरवसा ठेवून मी ऑनलाइन रँकमध्ये उतरलो आणि पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक सामना हरलो. बडवाबडवी इथे चालत नाही, हे कळायलाच पंधरा दिवस गेले.

सुरुवातीला अठरा पात्रं होती, नंतर दरवर्षी चार-चार वाढत गेली. मी झांगीफ हा पैलवान घेतला. सांगलीकडच्या माणसाने दुसरं कोण घ्यायचं? आजोबा तालमीतले, त्यामुळे घरात अजूनही कुणी पडलं तरी ‘कुठला डाव लागला?’ असं विचारतात. बाकीचे लांबून आगीचे गोळे फेकतात, झांगीफला मात्र अंगाला अंग भिडल्याशिवाय काही करता येत नाही. त्याचा मुख्य डाव स्क्रू पाइलड्रायव्हर. दिशांचं बटण पूर्ण गोल फिरवायचं आणि ठोसा दाबायचा. लागला तर समोरच्याचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त जीव जातो. हुकला तर झांगीफ हवेला मिठी मारून उभा राहतो आणि समोरचा आरामात जागा निवडून मारतो. साध्या पॅडवर हा गोल घोटून घोटून माझ्या डाव्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो दाखवायला मला आवडतं.

आता मुद्द्याचं. या खेळाची सगळी खोली जीवाच्या पट्टीखालच्या हिरव्या पट्टीत आहे. तिला ड्राइव्ह गेज म्हणतात, सहा घरं असतात, आणि फेरी सुरू होते तेव्हा ती पूर्ण भरलेली असते. सुपर म्हणजे सगळ्यात जोरदार डाव, त्याची पट्टी मारत-खात भरावी लागते, ही मात्र एक तारखेच्या पगारासारखी आधीच हातात पडते. मग खर्च सुरू. ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे अंगावर मार झेलत मारायचा तो जड धक्का, एक घर. नेहमीच्या डावाची ताकदवान आवृत्ती, दोन घरं. मारता मारता मध्येच पुढे झेपावून मार लांबवायचा तर तीन घरं, म्हणजे निम्मा पगार एका झटक्यात. नुसतं अडवत बसलं तरी पट्टी झिजते. पुढे चालत राहिलं तर लवकर भरते. हे मला फार आवडलं. कोपरा धरून बसणाऱ्यालाही भाडं भरावं लागतं.

सहाही घरं संपली की बर्नआउट. पट्टी पुन्हा पूर्ण भरेपर्यंत तुम्ही दिवाळखोर. त्या काळात अडवलेल्या खास डावांनीही जीव जातो, अडवल्यावर सावरायला चार फ्रेम जास्त लागतात (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला साठ असतात), आणि भिंतीला पाठ लागलेली असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट अडवलात तर भोवळ येते. मी पहिले तीन महिने याच दिवाळखोरीत काढले. हातात आहे म्हणून खर्च करायचो. डाव कुठला येतो यापेक्षा तो आत्ता परवडतो का, हे बघायला लागलो तेव्हा सोन्याच्या रँकमधून वर सरकलो.

ड्राइव्ह इम्पॅक्टबद्दल नवे लोक फार चिडतात, मीही चिडायचो. पण तो लागेपर्यंत २६ फ्रेम जातात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडा कमी. दिसला की ओळखून तुम्हीही इम्पॅक्ट दाबलात तर नंतर दाबणारा जिंकतो. थ्रो, म्हणजे पकडून फेकणं, त्याला थेट खातो. पॅरी म्हणजे येणारा मार जिरवणं, ती नीट केली तरी तो वाया जातो. अडचण एवढीच की डोकं दुसऱ्याच विचारात असताना तो येतो, आणि पुढचा माणूस तुमचं डोकं कधी दुसरीकडे आहे हेच बघत असतो.

मागच्या महिन्यातला एक सामना सांगतो. समोर गाइल. गाइल म्हणजे मागे दाबून धरायचं, सॉनिक बूम (हवेतून लांबवर जाणारा मारा) सोडायचा, पुन्हा मागे दाबायचं. उडी मारून आलात तर खालून वर फिरणारी लाथ. झांगीफसाठी हा सामना म्हणजे रणरणत्या उन्हात एसटीची वाट बघणं. तिसरी फेरी, माझा तिसरा हिस्सा जीव उरलेला, त्याचा निम्मा. मी उडी मारली नाही. बूम आला की पॅरी, कारण पॅरी लागली की हिरवी पट्टी थोडी भरते. मग दोन पावलं. पुन्हा बूम, पुन्हा पॅरी, पुन्हा दोन पावलं. त्याची पाठ भिंतीला लागली तेव्हा घड्याळात पंचवीसेक सेकंद होते आणि मी तोवर आणखी एकही ठोसा मारलेला नव्हता. तिथे त्याचा धीर सुटला. त्याने इम्पॅक्ट टाकला. शाईचा फवारा उडाल्यासारखी ती खूण दिसली आणि अंगठा आपोआप गोल फिरला. इम्पॅक्ट ठोसे-लाथा झेलतो, मिठी झेलत नाही. तो आपटला, उठला, आणि आता मी पुन्हा धरणार या भीतीने त्याने उठता उठता ती खालून वर जाणारी लाथ मारली, दोन घरांची. मी काहीच केलं नव्हतं, नुसता अडवून उभा होतो. तो खाली येईपर्यंत अजून एक गोल. खेळ खलास.

त्या शेवटच्या टप्प्यात मी मोजून दोन डाव मारले. बाकी सगळं चालणं आणि थांबणं. माझ्या मते हा खेळ इथे उत्तम आहे. प्रत्येक गोष्टीला किंमत आहे आणि ती दोघांनाही दिसते.

म्हणूनच कोपऱ्यातल्या थ्रोचा राग येतो.

मैदानाच्या मधोमध तुम्हाला फेकलं तर परत अंगावर यायला बहुतेकांना हिरवी पट्टी खर्चावी लागते, किंवा येताच येत नाही. भिंतीशी मात्र कितीतरी पात्रं फेकून झाल्यावर एक झेप घेऊन फुकटात परत तुमच्या उरावर. तुम्ही उठताय, आणि तो मारेल की पुन्हा फेकेल हे ओळखायचं. अडवलंत तर फेकतो. थ्रो सोडवायला गेलात तर अर्धं पाऊल मागे सरतो, तुमचा हात हवेत जातो आणि तो दणकून मारतो. याला शिमी म्हणतात. पॅरी केलीत तर थ्रो आणखी जास्त लागतो. साध्या थ्रोला दहा हजारांतले हजार-बाराशे जातात आणि पुन्हा तेच, पहिल्या पानापासून. कौशल्य नाही असं मी म्हणत नाही. समोरच्याच्या सवयी वाचणारे लोक इथेही सरस ठरतात. पण फेकणारा चुकला तर त्याचं नुकसान थोडं आणि सोडवणारा चुकला तर त्याचा सामना जातो. हे छापा-काट्याच्या फार जवळ आहे, तेही नाणं दुसऱ्याच्या खिशातलं.

‘तू झांगीफ खेळतोस, तू पकडींबद्दल रडतोस?’ असं मला मित्रांनी बरेचदा ऐकवलंय. बरोबर आहे, पण माझी पकड हुकली की मी भर चौकात उघडा पडतो, वरून उडी मारून कुणीही येऊन मारावं. हा धोका पत्करला म्हणून तो चौथा हिस्सा मिळतो. साध्या थ्रोच्या फेऱ्यात तो धोका नाही. माझी मागणी फार मोठी नाही. कोपऱ्यात फेकल्यावर दोघांमध्ये अर्धं पाऊल जास्त अंतर ठेवा. ज्याला परत उरावर बसायचंय त्याने एक घर मोजावं. बाकी कशालाही हात लावू नका.

मॉडर्न कंट्रोलबद्दल. यात गोल वगैरे फिरवायची गरज नाही, एका बटणावर खास डाव निघतो, आणि त्या सोयीपोटी त्याचा मार २० टक्के कमी होतो. माझा भाचा नववीत आहे, तो यावरच खेळतो. मे महिन्यात आला होता तेव्हा मला सात-दोन हरवून वर शिकवत होता, “मामा, उडी कशाला मारताय? मी बघतोय की तुमच्याकडं.” खरंच बघत होता. उडी दिसली की एक बटण, झालं. मला तेच करायला आधी ओळखायचं, मग हात फिरवायचा. जुन्या लोकांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही, कारण २० टक्के ही किंमत त्याने मोजलेली आहे आणि काही साधे ठोसेही त्याच्या हातात नसतात. पोरगं पहिल्या दिवशीच अंतर, वेळ, पट्टी यांचा विचार करायला लागलं. मी तेव्हा अंगठा चोळत बसलो होतो. फक्त एका बटणावर सुपर निघतं तिथे ती वजावट थोडी वाढवायला हरकत नाही. मामाचा स्वार्थ समजा.

नेटबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच. रोलबॅक पद्धत आहे: पलीकडच्याचं बटण पोचायच्या आत खेळ अंदाजाने पुढे जातो आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे येऊन दुरुस्त करतो. रात्री अकराला आपल्या भागात फारसं कुणी सापडत नाही, मग आखातातले किंवा सिंगापूरकडचे गडी मिळतात. तरी सामना खेळण्याजोगा होतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते तो भाग वेगळा.

पण रँकच्या सामन्यात एक पळवाट आहे, ती बंद व्हावी. दोन विजयांपर्यंत खेळायची सोय असते, पण एक जिंकून गडी निघून जातो. गुण खिशात, परतफेड नाही. झांगीफसारख्या पात्राविरुद्ध हे फार होतं, कारण पहिल्या सामन्यात समोरच्याची सवय कळते आणि दुसऱ्यात मी खरा खेळायला लागतो. आखाड्यात एक डाव मारून लंगोट घेऊन पळालेला पैलवान मी पाहिला नाही. जिंकून पळणाऱ्याला निम्मे गुण द्या, दोन दिवसांत सगळे थांबायला लागतील.

सरावाची खोली मात्र अप्रतिम. खाली फ्रेमची रंगीत पट्टी येते, तुमचा ठोसा कुठे सुरू झाला, कुठे संपला, कोण आधी मोकळा झाला, सगळं डोळ्यांसमोर. पूर्वी हे आकडे लोक वह्यांत उतरवून ठेवायचे. मी रोज दहा मिनिटं तिथे घालवतो आणि मगच रँकमध्ये जातो. वर्ल्ड टूर या एकट्याने खेळायच्या भागात मेट्रो सिटीभर भटकायला मिळतं, एकदा खेळलो, पुरे झालं. त्यात धालसिमचं मंदिरही लागतं. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून मुख्य मालिकेत आपला हा एकच ओळखीचा गडी, अजून तीच योगाची आग ओकतोय. इतक्या वर्षांत मुख्य मालिकेसाठी भारतातून एखादा चांगला पैलवान का सुचला नाही कुणाला? मातीतला, अंगाला तेल लावलेला, ढाक आणि कलाजंग मारणारा. झांगीफ तत्काळ सोडतो मी.

आणि एक लाडाची मागणी. खेळात सामना चालू असताना बोलणारे समालोचक लावता येतात, इंग्रजी आणि जपानी. मी ते बंद करून ठेवलेत. खासबागच्या मैदानात बसल्यासारखा एखादा निवेदक मिळाला, मागे हलगी, आणि शेवटचे दहा सेकंद उरले की तिची लय वाढत गेली, तर त्या एका गोष्टीसाठी मी आणखी पैसे देईन.

सध्या रँकच्या डायमंड तीन या पायरीवर अडकलोय. पुढच्या मास्टर या पायरीला २५,००० गुण लागतात. काल रात्री दोन सामने गाइलशी झाले, एक जिंकला, एक हरला. हरलो तो मीच उडी मारल्यामुळे.