सीलबंद जुना डबा घेऊच नका : १/२४ स्टॉक कार किटांचा वापरानंतरचा अनुभव

नॅस्कार या अमेरिकी स्टॉक कार शर्यतींतल्या गाड्यांची, सुटे प्लास्टिक भाग जोडून करायची, खऱ्याच्या एक-चोविसांश मापाची मॉडेलं म्हणजे ही किट. अशा जुन्या किटच्या डब्यावरचं मूळ प्लास्टिक शाबूत असलं की विक्रेते उघड्या डब्यापेक्षा बराच चढा भाव लावतात. तो देऊ नका. १९८०च्या दशकातल्या किटच्या बाबतीत ते प्लास्टिक फाटलेलंच बरं, आणि त्याला कारण एकच आहे: टायर.

झालं असं, की ‘सीलबंद, कोरा’ म्हणून विकलेल्या फोर्ड थंडरबर्डच्या डब्यात काचांच्या स्प्रूवर (भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) एक टायर पडून होता. विंडशील्डच्या बरोबर मधोमध अर्धगोल चर पडलेला, नख अडकेल इतका खोल. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: डबा सील होता, आत काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही, परतावा मिळणार नाही. म्हणजे ज्या सीलचे पैसे वाजवून घेतले, त्याच सीलच्या आड लपायचं. पुन्हा एकदा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य आलं.

किट बनवणाऱ्यांना मात्र दोष देण्यात अर्थ नाही. टायर मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला रबरासारखं लवचिक करायला त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात. ते आत कायमचं बांधलेलं नसतं, वर्षानुवर्षं हळूहळू पाझरत राहतं. बाकीचं सगळं किट पॉलिस्टायरिनचं, आणि पॉलिस्टायरिन या द्रव्याने मऊ पडतं. टायर जिथे टेकेल तिथे आधी चिकटपणा, मग डाग, मग खड्डा. उष्णतेने वेग वाढतो, त्यामुळे पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेला डबा सगळ्यात वाईट. तेव्हा मोटारींच्या किटमध्ये सर्रास असेच टायर असत, आणि दोन-चार रविवारांत जोडून मोकळं व्हायचं किट कुणी चाळीस वर्षं कपाटात दडवेल असं कुणाच्या मनात आलं नसणार.

म्हणून डबा उघडलेला हवा. भाग स्प्रूवरच असावेत, टायर वेगळ्या पिशवीत असावेत. पैसे देण्याआधी तीन फोटो मागा: काचांचा स्प्रू काळ्या कागदावर ठेवून बाजूने उजेड पाडलेला (समोरून काढलेल्या फोटोत चर दिसतच नाही), डिकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांची) पूर्ण शीट, आणि बॉडी सपाट काचेवर ठेवून बाजूने. हे फोटो द्यायला जो नाखूश, त्याच्याकडून घेऊ नका. किट हातात आलं की सूचनापत्रक वाचण्याआधी टायर काढून झिपच्या पिशवीत टाका आणि ती पिशवी डब्याबाहेर ठेवा.

किट जोडल्यावर हा त्रास संपतो असं मानणारे बरेच आहेत. संपत नाही, उलट टायर आता रिमला घट्ट आवळून बसलेला असतो. काही वर्षांनी रिम लिबलिबीत होते आणि गाडी एका कोपऱ्यावर बसते. नुसत्या रंगाने हे थांबत नाही, रंगसुद्धा चिकट होतो. मध्ये धातू हवा. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत २०२१पर्यंतची चाकं १५ इंची, म्हणजे १/२४ मापात रिमचा व्यास साधारण १५.९ मिमी आणि परीघ ५० मिमी. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची ५३ मिमी लांब पट्टी कापा, ३ मिमी एकावर एक येऊ द्या. रुंदी रिमच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे १ मिमी जास्त ठेवा. त्या जादा कडेला दर ३-४ मिमीवर छोटे काप द्या, म्हणजे ती रिमच्या ओठाच्या आतल्या अंगाला सुरकुती न पडता बसते. चिकटवायला पातळ केलेला फेविकॉल पुरतो. एसी डक्टची चिकट फॉइल टेप वापरू नका, ती जाड असते आणि टायर चढता चढत नाही. चढवण्याआधी टायर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की सैल पडतो.

त्याआधी टायर भांड्यांच्या साबणाने धुवायचा आणि ट्रेडच्या (जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या) मध्यावरची साच्याची रेघ ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. पेपर बाजूच्या भिंतीला लागू देऊ नका आणि तिथे थिनर किंवा अल्कोहोलचा बोळा तर अजिबात नको; छापील ‘गुडइयर ईगल’ अक्षरं पुसली जातात. अक्षरांविना स्टॉक कारचा टायर म्हणजे नुसती काळी चकती.

सुरुवातीला माझं मत होतं की हे पीव्हीसीचे टायर फेकून रेझिनचे आणावेत. काही महिन्यांच्या वापरानंतर ते बदललंय. रेझिनचे टायर पाझरत नाहीत हे खरं, पण आयात खर्च धरला तर चार टायर किटच्याच किमतीशी भिडू लागतात, आणि अक्षरांचे डिकल वेगळे शोधावे लागतात. फॉइलच्या पट्टीचा खर्च जवळजवळ शून्य.

आता खराब झालेल्या विंडशील्डचं. चर वरवरचा असेल तर ओला पॉलिश पेपर ६००, १०००, २००० या क्रमाने, मग पॉलिशिंग कंपाउंड. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. खोल चर घासत बसू नका, काच मध्येच पातळ होऊन भिंगासारखी वाकडी प्रतिमा दाखवते. त्यापेक्षा नवी कापा. मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण बहुधा पीईटीचं असतं, जाडी ०.२५ ते ०.३ मिमी मिळाली तर उत्तम. जुन्या काचेवर मास्किंग टेप लावून आकार उतरवा, टेप झाकणावर चिकटवा, अर्धा मिमी मोठं कापा आणि बॉडीत बसवत बसवत कमी करा. किटची मूळ काच साधारण १ मिमी जाड, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशोबाने २४ मिमी! ०.२५ची शीट ६ मिमीला येते. बदललेली काच मूळ काचेपेक्षा सरस दिसते, हे अनपेक्षित होतं. आता धडधाकट विंडशील्डही काढून टाकावीशी वाटते. शीट एकाच दिशेने वाकते, त्यामुळे दुहेरी वळणाच्या मागच्या काचेला मात्र पॉलिशशिवाय पर्याय नाही. चिकटवायला पुन्हा फेविकॉलच. फेविक्विकची वाफ बंद बॉडीत कोंडली की काचेवर पांढरी धुरकट साय धरते.

ड्रायव्हरच्या बाजूला काच नसते, जाळी असते. १९७०मध्ये डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांच्या अपघातात त्यांचा हात आणि डोकं खिडकीबाहेर आलं, त्यानंतर ही जाळी आली. किटमधली जाळी बऱ्याचदा ठोकळ्यासारखी असते. १ मिमी रुंद मास्किंग टेपच्या पट्ट्या विणून काळ्या रंगवल्या तर जवळपास एक इंची पट्ट्यांचं माप येतं.

डिकलबद्दल माझी भीती अवाजवी निघाली. पिवळी पडलेली शीट झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवली तर काही दिवसांच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरतो. पावसाळ्यात हा उद्योग नको, दमटपणाने शीटमागचा गोंद चिकटतो. मग नको असलेला एक बारीक लोगो पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर पूर्ण शीटवर मायक्रोस्केलच्या लिक्विड डिकल फिल्मचा एक सलग थर द्या आणि रात्रभर वाळवा. त्यानंतर प्रत्येक डिकल कडेने कापावा लागतो, कारण फिल्म सगळ्या शीटला एकसंध करते. बॉडी चकचकीत हवी, मॅट रंगावर हवा अडकते. आधी मायक्रो सेट (डिकल चिकटायला मदत करणारं द्रावण), डिकल बसला की मायक्रो सोल (डिकल मऊ करून बॉडीवर बसवणारं द्रावण). सोल लावल्यावर सुरकुत्या पडतील, हात लावू नका, आपोआप बसतात.

लाल गाडीवर एक अडचण वेगळी येते. ड्रायव्हर बिल एलियट यांची ९ नंबरची थंडरबर्ड घ्या, १९८५ला ११ शर्यती आणि विन्स्टन मिलियन हे दहा लाख डॉलरचं बक्षीस जिंकलेली; टॅलाडेगा ट्रॅकवरचा ताशी २१२.८०९ मैलांचा विक्रम त्यांच्या १९८७च्या थंडरबर्डचा. लाल रंगावर जुन्या डिकलचा पांढरा भाग गुलाबी दिसतो, कारण शाई पुरेशी अपारदर्शक नसते. कोऱ्या पांढऱ्या डिकलचा तोच आकार किंचित लहान कापून खाली लावावा लागतो. पेटी यांच्या ४३ नंबरच्या निळ्या-लाल गाडीत फ्लोरोसंट लालला पांढऱ्या अस्तराशिवाय पर्याय नाही. निळ्यावर मारला तर विटकरी होतो, आणि उन्हात ठेवला तर काही काळाने फिकटतो.

सुटे डिकल मागवताना माप बघा. किट कंपन्यांपैकी मोनोग्राम १/२४, तर एएमटी, एमपीसी आणि जोहॅन बहुतेक १/२५. ११० इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १/२४ला ११६.४ मिमी, १/२५ला १११.८. फरक चार टक्क्यांचाच, पण दारावरचा आकडा चाकाच्या कमानीत शिरायला तेवढा पुरतो.

इंजिन आणि चॅसिसबद्दल तक्रार नाही. रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या संरक्षक सांगाड्याच्या) प्रत्येक नळीवरची साच्याची रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडा, पेपरने नळी चपटी होते. केज पूर्ण वाळण्याआधी बॉडी वरून बसवून पाहा. छत टेकत असेल तर तेव्हाच सरकवता येतं, नंतर नाही.

शेवटी शोकेस. स्वस्त डिस्प्ले केसचा काळा तळ बहुधा पॉलिस्टायरिनचाच असतो, म्हणजे टायर तिथेही चार खड्डे पाडणार. तळावर काचेचा तुकडा ठेवा, किंवा दोन्ही ॲक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन टायर कागदभर उचलून धरा. गाड्या एकावर एक डब्यात भरून ठेवणार असाल तर एकीचा टायर दुसरीच्या छताला लागत नाही ना, एवढं पाहा.